टाकीचे घाव आणि मागचा ढीग

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण करणारा माणूस पाथरवट नसावा. पाथरवट असता तर त्याने शिल्पशाळेच्या मागच्या ढिगाकडेही एकदा बोट दाखवले असते. टाकी भलत्या शिरेवर बसली की दगड उभा तडकतो आणि त्याची खडी होते. गाभाऱ्यात पोचलेल्या मूर्तीसमोर उभे राहून घावांचे गुण गाणे सोपे आहे. ढिगातल्या दगडांची साक्ष कोणी काढत नाही.

धर्माच्या बाबतीत आपल्याकडे या म्हणीला जवळजवळ सिद्धान्ताचा मान मिळाला आहे. परक्या, वैरी संस्कृतीत सापडलेली श्रद्धा छळाने बळावते, आणि तिला मोकळीक मिळाली की सैल पडते, असे व्याख्यानमालांतून ऐकू येते आणि परदेशातल्या मंडळांच्या स्मरणिकांतून वाचायला मिळते. ‘पुण्यात राहिलो असतो तर मुलांना अथर्वशीर्ष आले नसते, न्यू जर्सीत आले’ हे त्याच सिद्धान्ताचे घरगुती रूप. (न्यू जर्सीला वैरी संस्कृती म्हणणे ही जरा अतिशयोक्तीच, पण ते असो.) पुराव्यादाखल तीन उदाहरणे हमखास पुढे येतात : युरोपातले ज्यू, जपानमधले लपून राहिलेले ख्रिस्ती आणि पोर्तुगीज अमलातले गोव्याचे हिंदू.

मला हा सिद्धान्त चुकीचा वाटतो. शिवाय, ज्यांनी खरोखर धर्म राखला त्यांच्यावर तो अन्यायही करतो. पण शास्त्रार्थाची जुनी रीत अशी की पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडावा. आधी दुबळा करून मग पाडलेला पूर्वपक्ष पाडल्यात जमा होत नाही.

या पूर्वपक्षाचा सर्वांत मोठा वकील म्हणजे बारुख स्पिनोझा. धर्म आणि राज्यसत्ता यांवरचा त्याचा लॅटिन प्रबंध १६७० मध्ये निनावी प्रसिद्ध झाला. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात तो म्हणतो की ज्यूंना इतकी शतके टिकवून धरले ते इतरांच्या द्वेषाने. दाखला तो स्वतःच्या पूर्वजांच्या मुलखातला देतो. स्पेनमध्ये ज्यांनी धर्म बदलला त्यांना तिथल्या मूळ ख्रिस्ती प्रजेचे सगळे हक्क मिळाले, म्हणून ते विरघळून गेले. पोर्तुगालमध्ये बाटलेल्यांना मानाच्या जागा नाकारल्या, म्हणून ते वेगळे राहिले. हे बोलणारा माणूस ऐऱ्यागैरा नव्हता. त्याचे घराणे पोर्तुगालमधून निसटून ॲम्स्टरडॅमला आलेले, आणि १६५६ मध्ये तिथल्या ज्यू समाजाने त्यालाच वाळीत टाकलेले. दोन्ही बाजूंचा द्वेष त्याने जवळून पाहिला होता.

तरीही दाखला खोटा आहे. स्पेनमध्ये बाटलेल्यांना सगळे हक्क मिळाले हे खरे नाही. ‘रक्तशुद्धी’चे पहिले फर्मान तिथल्याच तोलेदो शहरात १४४९ मध्ये निघाले, १५४७ मध्ये त्याच शहराच्या कॅथीड्रलने तोच नियम आपल्या पाद्र्यांना लावला, आणि पुढे विद्यापीठे व लष्करी पंथ यांचे दरवाजेही असेच बंद होत गेले. म्हणजे वगळल्यामुळे माणसे वेगळी राहतात हे खरे असते, तर छुपे ज्यू स्पेनमध्येही तितकेच टिकायला हवे होते.

फरक पडला तो दुसऱ्याच कारणाने. स्पेनमध्ये १४९२ च्या हकालपट्टीत कट्टर होते ते देश सोडून गेले, त्यांतले पुष्कळ शेजारच्या पोर्तुगालमध्ये. मागे उरले ते डळमळीत. पोर्तुगालमध्ये १४९७ साली राजा मानुएलने सबंध समाजच्या समाज एका झटक्यात बाटवला : शहाणे, भोळे, कट्टर, लेकुरवाळे सगळे. त्याचबरोबर, यांच्या श्रद्धेची वीस वर्षे चौकशी होणार नाही असे वचन दिले आणि पुढे ते वाढवलेही. १५०६ मध्ये लिस्बनच्या जमावाने कत्तल केली, पण शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या घरात दिवा लागतो हे पाहणारे इन्क्विझिशन पोर्तुगालमध्ये आले ते १५३६ मध्ये. जवळजवळ चाळीस वर्षे मिळाली. एक पिढी वाढायला आणि गुपित राखण्याची घरगुती शिस्त बसायला तेवढी पुरली. स्पिनोझाने ज्याला द्वेषाचे फळ मानले, त्यात उसंतीचा वाटा मोठा होता.

दुसरा वकील आणखी जुना. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने हुतात्म्यांच्या रक्ताला बियाण्याची उपमा दिली, आणि त्या उपमेवर आजवर किती प्रवचने झाली असतील त्याला गणती नाही. पण ज्या मातीत ही उपमा जन्मली त्या मातीचे पुढे काय झाले? ४११ च्या कार्थेज परिषदेत ख्रिस्त्यांतल्याच दोन भांडत्या पक्षांचे मिळून पाचशेहून अधिक बिशप जमले होते. सातव्या शतकाअखेर अरबांचा अंमल आला, जिझिया आला, दुय्यम दर्जा आला. १०५३ मध्ये पोप नववा लिओ तिथे पाचच बिशप उरल्याची खंत करतो. १०७६ मध्ये नव्या बिशपच्या अभिषेकाला लागणारे तीनसुद्धा मिळेनात. बाराव्या शतकात अल्मोहद राजवटीची सक्ती आली तेव्हा पुसायला फारसे काही उरलेच नव्हते. बियाणे होते, रक्तही सांडले होते, पण शेत गेले.

त्याच अरब सत्तेखाली इजिप्तचे कॉप्ट मात्र राहिले. घटले, गांजले, पण राहिले आणि आजही आहेत. कार्थेजचा धर्म लॅटिन बोलणाऱ्या शहरांचा आणि बिशपांचा होता. बिशप गलबतात बसून इटलीला गेला की त्याच्यामागे काही उरत नसे. इजिप्तमध्ये प्रार्थना गावच्या बोलीत होत्या आणि मठ वाळवंटाच्या कडेला, शेतकऱ्यांच्या हाकेच्या अंतरावर होते. शेतकरी गलबतात बसून कुठे जाणार?

न्यायशास्त्राच्या भाषेत हा झाला अन्वयाचा भंग : घाव आहेत, देवपण नाही. आता व्यतिरेक पाहू. घाव नाहीत आणि तरी देवपण आहे, असे एक जरी उदाहरण सापडले तरी हेतू सव्यभिचार ठरतो. त्यासाठी फार लांब जायला नको, अलिबागला जाणारी लाँच पकडली की पुरे.

बेने इस्रायल हे ज्यू कोकणात केव्हा आले याबद्दल वाद आहेत. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली ही त्यांची परंपरा. वाद नाही तो एवढ्याबद्दल की ती शतकानुशतके इथे राहिली, तेलाचे घाणे चालवत राहिली, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटले. त्यांना कोणी छळले नाही, बाटवले नाही की हाकलले नाही. त्यांच्यापाशी रब्बी नव्हता, हिब्रू जवळजवळ विसरलेली होती, आणि मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी पहिले सिनॅगॉग बांधले ते १७९६ साली. पूर्वपक्षाच्या हिशेबाने अशी श्रद्धा दोन पिढ्यांत विरघळायला हवी.

ती विरघळली नाही, कारण ती ग्रंथात नव्हती, घरात होती. आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले नसलेला मासा वर्ज्य, शनिवारी चूल थंड आणि प्रत्येक प्रसंगी तोंडात ‘शेमा’ ही एक प्रार्थना. सणांची मूळ नावे गेली, सण गेले नाहीत. योम किप्पूरचा झाला दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसायचे. मंदिर पडल्याच्या शोकदिनाचा झाला बिरड्याचा रोजा. जेरुसलेमच्या विध्वंसाची आठवण वालाच्या बिरड्याला बांधून ठेवणारी ही मंडळी, आणि ती गाठ सुटली नाही.

यात जातिव्यवस्थेचा हात होता हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या गावगाड्यात प्रत्येकाची रोटी-बेटी वेगळीच, तिथे आणखी एका जातीने वेगळे राहिल्याचे कोणाला नवल वाटणार? या समाजात गोरे आणि काळे असे दोन तट पडले, तो त्याच गावगाड्याचा प्रसाद. आपल्या सहिष्णुतेची पाठ थोपटताना ही बाजू सहसा गाळली जाते.

यावर पूर्वपक्षी चीनमधल्या कायफेंगचे नाव घेईल आणि ते त्याने घ्यावेच. तिथेही ज्यूंना कोणी छळले नाही. ११६३ पासून त्यांचे सिनॅगॉग उभे होते, दरबारी परीक्षा देऊन माणसे अधिकारी होत होती, आणि एकोणिसाव्या शतकात सगळे ओसरले. सुखाने घात केला की नाही? मला उत्तर वेगळे दिसते. कायफेंगला एक शहर, एक वास्तू आणि एक रब्बी होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेवटचा रब्बी गेला, पिवळ्या नदीच्या पुरांनी खिळखिळी झालेली वास्तू पडली, आणि जे काही होते ते त्या दोहोंतच होते. कोकणात पडायला वास्तूच नव्हती. विखुरलेल्या गावांतली शंभर घरे एका पुराने वाहून जात नाहीत.

गोव्याबद्दल थोडक्यात, कारण ते आपल्याला पाठ आहे आणि तरी आपण ते उलटे वाचतो. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. ही ठिकाणे तेव्हा पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर, आदिलशाहीत होती. देव टिकले ते घाव चुकवून, अंधारातून नदी ओलांडून. १५६७ मध्ये जिथे खरोखर घाव पडले त्या साष्टीत जुनी देवळे जवळजवळ उरलीच नाहीत. छळाने धर्म बळावतो म्हणणाऱ्याने आधी मडगाव-राशोलच्या मोकळ्या जागा पाहाव्या, मग मंगेशीला नारळ फोडावा.

याच गोव्यात एक चौथे उदाहरण पुरलेले होते, अक्षरशः पुरलेले. गार्सिया द ओर्ता हा छुप्या ज्यू घराण्यातला पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला. हिंदुस्थानच्या वनौषधींवरचा त्याचा संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६८ मध्ये तो ख्रिस्ती म्हणून मेला आणि पुरला गेला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला जाळले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळली. या घावांतून गोव्यात छुप्या ज्यूंची कोणती परंपरा बळावली? कोणतीच नाही. तिकडे पोर्तुगालच्या डोंगरी भागातल्या बेल्मोंते नावाच्या गावात मात्र १९१७ मध्ये सॅम्युएल श्वार्त्स या पोलिश खाण अभियंत्याला जिवंत परंपरा सापडली. चारशे वर्षांत त्यांना हिब्रूचा एकच शब्द उरला होता, देवाचे नाव. प्रार्थना बायकांकडे होत्या आणि आईकडून मुलीकडे तोंडी जात. श्वार्त्सने स्वतःला ज्यू म्हणवले तर त्यांचा विश्वास बसेना. त्याने शेमा म्हटला, त्यात तो एक शब्द आला, तेव्हा बसला. गोव्यात घाव होते आणि बेल्मोंतेतही होते. पण गोव्यात नुकत्याच उतरलेल्या, विखुरलेल्या माणसांवर होते, आणि बेल्मोंतेत आज्या होत्या.

आता जपान. पूर्वपक्षाचा हा हुकमी एक्का, म्हणून शेवटी ठेवला. इथे परका होता तो धर्म; माणसे तिथलीच होती.

फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरला. त्याच्याबरोबरच्या अंजिरो या जपान्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यात झालेला. १६१४ मध्ये देशभर बंदी आली तेव्हा ख्रिस्ती तीन लाखांच्या घरात होते असे मानतात. मग पाद्री पकडून देणाऱ्यास चांदीचे इनाम जाहीर करणाऱ्या पाट्या लागल्या. पाच-पाच घरांचे गट करून एकाच्या अपराधाला पाचही जबाबदार धरले गेले. प्रत्येक घराची बौद्ध देवळात नोंद सक्तीची झाली, आणि ‘फुमी-ए’ची परीक्षा आली : ख्रिस्ताची किंवा मारियेची उठावाची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि सगळ्यांनी तिच्यावर पाय देऊन जायचे. अखेरचा पाद्री १६४४ मध्ये मारला गेला. १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये फ्रेंच पाद्री पतीजाँसमोर उराकामी गावची काही माणसे आली आणि सांता मारियेची मूर्ती कुठे आहे, असे त्यांनी हळूच विचारले. अडीचशे वर्षांनी! या प्रसंगाने अंगावर काटा येत नाही असा माणूस विरळा. मलाही येतो.

पण काटा हा पुरावा नव्हे. हिशेब मांडू. एकोणिसाव्या शतकात उरलेल्या लपल्या ख्रिस्त्यांचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण तीन लाखांच्या जवळ जाणारा त्यांत एकही नाही. क्योतो, ओसाका, एदो इथे ख्रिस्ती होते, तिथे घावही पडले, पण तिथून कोणी मूर्तीची चौकशी करत आले नाही. घाव सर्वांत खोल पडला तो शिमाबाराला : १६३७-३८ च्या उठावानंतर हारा किल्ल्यात हजारो माणसे कापली गेली आणि ओस पडलेल्या गावांत बाहेरून शेतकरी आणून बसवावे लागले. तिथली परंपरा तिथेच संपली.

आणि टिकली कुठे? खाडीपलीकडच्या आमाकुसाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या वस्त्यांत, इकित्सुकी आणि गोतो बेटांवर, सोतोमेच्या कड्यांखाली. म्हणजे, उराकामी सोडले तर, जिथे अंमलदाराला जायचा कंटाळा होता तिथे. १८०५ मध्ये आमाकुसाला पाच हजारांहून अधिक माणसे पकडली गेली. कायद्याने सगळ्यांना मरण होते. पण पाच हजार शेतकरी-कोळी मारले तर सारा कोण भरणार? अधिकाऱ्यांनी नोंद केली की हे लोक ख्रिस्ती नाहीत, बापजाद्यांचा काही चुकीचा रिवाज पाळतात, आणि समज देऊन सोडून दिले. पूर्वपक्षी मंडळींच्या भाषणांत हुतात्मे येतात, हा कारकून कधी येत नाही.

दुसरे कारण गावातच होते. पाद्री गेल्यावर त्यांनी तीन कामे वाटून घेतली. एकाने पंचांग सांभाळायचे आणि कुठला दिवस कुठल्या संताचा हे काढून द्यायचे. दुसऱ्याने बाळाच्या कपाळी पाणी घालायचे. तिसऱ्याने घरोघर निरोप पोचवायचा. आपल्याकडे गावजोशी, न्हावी आणि महार यांच्याकडे मिळून जेवढे काम असे, जवळजवळ तेवढेच हे. लॅटिन प्रार्थनांचे उच्चार घासून घासून अर्थ गेला, चाल राहिली. कडेवर मूल घेतलेली कान्नोन ही बोधिसत्त्व-मूर्ती देव्हाऱ्यात बसली आणि ती कोण हे घरच्यांना ठाऊक होते. घरात मेले की बौद्ध भिक्षू येऊन सूत्रे म्हणे, आणि शेजारच्या खोलीत कोणीतरी त्या सूत्रांचा प्रभाव पुसण्याची प्रार्थना हलक्या आवाजात म्हणे.

आणि फुमी-ए? ज्यांच्यामुळे धर्म टिकला, त्यांनी त्या प्रतिमेवर पाय दिला. वर्षानुवर्षे, नव्या वर्षाच्या आरंभी, रांगेत उभे राहून दिला. घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाय दिला. ज्यांनी पाय दिला नाही ते मेले, आणि बहुधा त्यांची मुलेही. त्यांच्याविषयी मनात आदर आहे. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा त्यांचा पूर्वसुरी. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. व्यापारासाठी जपानला गेला, भाषा शिकला, मनिलाला फ्रान्सिस्कन झाला, दुभाषा म्हणून परत आला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर इतर पंचवीस जणांसोबत क्रुसावर गेला. १८६२ मध्ये ते सव्वीस जण संत झाले आणि ओउराचे ते चर्च याच सव्विसांच्या नावे बांधलेले आहे. वसईत त्याच्या नावाचे कॉलेज आहे. हे सगळे योग्यच. पण १८६५ मध्ये त्या चर्चच्या दारातून आत आलेली माणसे गोन्सालोसारख्यांची वंशज नव्हती. ती पाय देणाऱ्यांची वंशज होती.

एक शेवटचा आक्षेप राहतो आणि तो सर्वांत बोचरा आहे. १८७३ मध्ये बंदीच्या पाट्या उतरल्या. काहीजण कॅथलिक चर्चमध्ये गेले, काहींनी बापजाद्यांचीच रीत धरली. आज इकित्सुकीला ती रीत पाळणारी माणसे बोटांवर मोजावी लागतात. म्हणजे छळाने जे मेले नाही ते स्वातंत्र्याने मेले? इकित्सुकीची पोरे नोकरीसाठी फुकुओका-ओसाकाला गेली. पंचांग सांभाळणाऱ्याला पुढे शिकवायला कोणी उरले नाही. त्याच पट्ट्यातल्या खेड्यांत बौद्ध देवळांनाही पुजारी मिळेनासा झाला आहे, आणि त्या देवळांवर अशी बंदी कधी आली नव्हती. गाव रिकामे झाले की गावात राहणारा धर्म जातो, मग तो कुठलाही असो. कोकणातली कुलपे लावलेली घरे पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. गणपतीपुरते चाकरमानी येतात, तेवढे सोडले तर.

फुमी-एच्या काही पितळी प्रतिमा तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. क्रुसावरून उतरवलेला ख्रिस्त, बाळ घेतलेली मारिया. चेहऱ्यावरचे डोळे, नाक, ओठ गेले आहेत आणि तिथे गुळगुळीत उंचवटा उरला आहे. हातोडी-छिन्नी कोणी लावली नाही. पायांनी झिजले आहेत, आणि त्या पायांतले कित्येक त्याच संध्याकाळी घरी जाऊन गुडघ्यांवर बसले असतील.